खाडा

सकाळी सहा ते दुपारी दीड,
पाच घरं, एकशे दहा पोळ्या.
घोडबंदर रोडच्या टॉवरला गेटवर अंगठा लावते,
लागत नाही.
पिठानं रेषा गेल्यात मावशी, म्हणतो वॉचमन.
मग वहीत : सुगंधा, बी विंग, सहा दहा.
निघताना पिशवी उघडून दाखवायची.
दाखवते.
छत्री असते तिच्यात, आणि रिकामा डबा.

तुझ्याकडेही अशीच येत आले, महादेवा.
चपला बाहेर, पदर नीट,
घंटा एकदाच, तीही हळू,
कुणाची झोप मोडू नये अशी.
सोळा सोमवार झाले, मग आणखी सोळा.
मधे एकदा धाकटीच्या तापात
भूक अनावर होऊन तिची उरलेली पेज प्यायले
तर महिनाभर हिशोब करत बसले,
या खाड्याचे तू किती कापशील.
कापलेस असंच वाटलं.
त्याच महिन्यात मोरीचा पाइप फुटला.

परवा, मंगळवारी, अकराव्या मजल्यावर
टिपणिसांची ऋजुता आली बंगलोरहून.
बेल नाही. नुसता लॅच फिरल्याचा आवाज,
स्वतःची चावी.
बूट घालून थेट ओट्यापर्यंत,
फ्रीज उघडला, कालचा भात पातेल्यातूनच, हातानं,
उभ्या उभ्या.
आई म्हणाली, अगं, न कळवता?
तर म्हणाली, काढून टाकलं मला. नंतर सांगते.
आणि सोफ्यावर आडवी.

टिपणिसबाई एक पोळी जाड झाली तरी
ताटाच्या कडेला काढून ठेवतात, मला दिसेल अशी.
त्या काही बोलल्या नाहीत.
खाली बसून तिच्या बुटांच्या नाड्या सोडल्या,
एक गाठ बसली होती ती नखानं सोडवली,
आणि आत येऊन मला हळूच म्हणाल्या,
दोन जास्त लाट. तूप लावून ठेव.

लाटणं हातात तसंच राहिलं.
हेवा वाटला, तुझ्याशी खोटं कशाला बोलू.
आणि मग बाबा आठवले.

वागळे इस्टेटमध्ये एका रंगाच्या कारखान्याच्या
गेटवर होते ते.
येणाऱ्याचं नाव, गाव, काम, वेळ,
सगळं उतरवायचे ठसठशीत अक्षरात,
मॅनेजरच्या मेहुण्याचंसुद्धा.
शाळा सुटली की मी जायचे.
मला लांबून पाहिलं की पेन कानावर,
वही बंद,
अर्धा वडापाव कागदात राखून ठेवलेला, गार झालेला.
एकदा मीच हट्ट केला,
माझं पण नाव लिहा ना.
तर म्हणाले, खुळे,
वही परक्यांसाठी असते.

हे ऐकलेली मी.
आणि पस्तीस वर्षं तुझ्या दारात
नाव लिहून घ्यायला उभी.

म्हणून आज आले. सोमवार नाही, आंघोळ सकाळचीच,
बेल नाही, फूल नाही,
पिशवीला कांद्याचा वास.
घंटेखालून तशीच आत.
लोकमान्य नगरच्या तुझ्या या एवढ्याशा देवळात
खांबाला पाठ टेकली,
पाय लांब केले. तुझ्याच दिशेला झाले बहुतेक.
पुजाऱ्यानं बघितलं. बघू दे.

काही मागितलं नाही.
गुडघ्याचंही सांगितलं नाही, तुला दिसतोच आहे.
अभिषेकपात्रातून थेंब पडत होता पिंडीवर,
थोडा थांबून, पुन्हा एक.
तेवढंच ऐकत बसले.
मधे डोळा लागला असावा,
कारण जागी झाले तेव्हा तोंड उघडं होतं
आणि कुणीतरी पंखा माझ्याकडे वळवला होता.

शिऱ्याचा प्रसाद घेतला.
मग पुन्हा हात पुढे केला.

उद्या सहा दहाला अंगठा लागणार नाहीच,
वहीत लिहीन,
पिशवी दाखवीन.
ते तिथलं.

आता देऊळ बंद करतो म्हणतात.
पाचच मिनिटं, म्हटलं.
धाकटी क्लासवरून आली असेल एव्हाना.
असू दे,
तिच्याकडे चावी आहे.